मी म्हातारा झालो म्हणून फाटलो नाही

मी ब्रेकचा पाइप बोलतोय. पुढच्या डाव्या चाकाचा. रबरी, काळा, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी तोंडं. बॉनेट उघडून बघितलंत तर मी दिसणार नाही. चाक वळवून खाली वाकलात तर दिसलो असतो, पण वाकतोय कोण? गाडी घेताना लोक रंग बघतात, सीटवर हात फिरवतात, गाणी वाजतात का ते बघतात. ज्याच्या जिवावर गाडी थांबते त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी किती झिजलो, माझी कशी हेळसांड झाली, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता, आणि माझ्या आधी तो एका बाईवर आला होता. त्या आळाचं पुढं काय झालं तेवढं सांगतो. मग मला खुशाल भंगारात टाका.

माझा जन्म कारखान्यातला. आत रबराचा गुळगुळीत थर, त्यावर सुताची विणलेली जाळी, त्यावर परत जाड रबर. मग एका यंत्रानं माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या अशा काही दाबून बसवल्या की विचारू नका. त्यानंतर माझ्यात प्रचंड दाबानं पाणी भरलं. मी फुगलो नाही, गळलो नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या अंगावर पांढरा शिक्का मारला आणि मला माझ्या तीन भावंडांबरोबर एका नव्या गाडीच्या वाट्याला पाठवलं. चार चाकं, चार पाइप. तो शिक्का अजून पुसट दिसतो. हवं तर बघून घ्या.

माझं काम समजून घ्या, म्हणजे पुढची भानगड कळेल. पायानं पेडल दाबलं की ब्रेक ऑइल लोखंडी नळीतून चाकाकडे निघतं. पण चाक वर-खाली होतं, डावीउजवीकडे वळतं. लोखंडी नळी तिथं वाकणार कशी? म्हणून शेवटची हातभर वाट माझी. माझ्यातून ऑइल कॅलिपरमध्ये जातं. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा लोखंडी चिमटा. पाय उचलला की ऑइल माझ्यातूनच मागं फिरतं आणि चिमटा सैल होतो. जाणंही माझ्यातून आणि परत येणंही माझ्यातूनच.

आमचे मालक बसचालक. आयुष्यभर मोठी गाडी हाकली, आणि निवृत्तीच्या आधी ही छोटी गाडी घेतली. माणूस तसा वाईट नाही. गाडी धुवायचा, हवा बघायचा, ऑइल वेळेवर बदलायचा. पण एक खोड. 'माझ्या गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला नाही,' हे वाक्य दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. सगळी कामं घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं. आणि आपलं कधी चुकत नाही अशी त्यांची ठाम समजूत.

मालकीणबाई पडदे शिवतात. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड आणायचं, शिवायचं, आणि दांड्यांसकट नेऊन लावून द्यायचे. कापडाचे तागे आणि सात-सात फुटी दांड्या काय बसमधून नेता येतात? म्हणून मालक त्यांना गाडीतून न्यायचे. बाई आत खिडक्या मोजायच्या, मालक बाहेर गाडीला टेकून उभ्या उभ्या पेपर वाचायचे. बारा वर्षं हे असं छान चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, चाकापाशी बसून तुला गाडीतलं कसं कळलं? अहो, बसचालकाचा आवाज तो. काचा बंद असल्या तरी चाकापर्यंत यायचा. आणि पेडलवरचा पाय कुणाचा, तो रागावलाय की घाबरलाय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

आता माझ्या दुखण्याकडे येतो. दर दीड-दोन वर्षांनी मालक पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, म्हणजे चिमट्यातल्या घासपट्ट्या, बदलायचे. चाक काढायचे, कॅलिपर तबकडीवरून सोडवायचे आणि द्यायचे सोडून. तो लोखंडाचा गड्डा सरळ माझ्यावर लटकायचा. चार-पाच किलो वजन, आणि धरायला मी एकटा. खरं तर तो तारेनं बांधून वर अडकवायचा असतो. एक तार. घरात पडदे टांगायच्या तारांची भेंडोळी पडलेली. पण नाही. 'दोन मिनिटांचं तर काम,' म्हणायचे.

दोन मिनिटं मीही सोसली. एकदा नाही, पाच वेळा. सहाव्या वेळी मात्र उजवं चाक उरकून डावं उघडलं, कॅलिपर माझ्यावर सोडला, आणि मालकांचा फोन वाजला. डेपोतला जुना सोबती. मालक पायरीवर जाऊन बसले. कोण निवृत्त झालं, कुणाच्या मुलाचं कुठं जमलं, नवीन साहेब कसा आहे, सगळं निघालं. मी टांगलेला. त्यात मान पिरगळलेली. माझ्या आतलं रबर ताणलं, ताणलं, आणि टोपीपाशी टरकलं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत रबराची एक चीर उचकटून जिभेसारखी लोंबायला लागली.

तेव्हापासून काय झालं, ऑइल जाताना ती जीभ बाजूला व्हायची आणि वाट द्यायची. परत येताना मात्र वाटेवर आडवी पडायची. पाय उचलला तरी डावा चिमटा तबकडी सोडायलाच तयार नाही. दहा-पंधरा सेकंद तसाच धरून बसायचा. मग गाडी डावीकडे ओढणार नाही तर काय होईल?

मालकांना हे कळलं नाही, कारण त्यानंतर त्यांनी गाडी जेमतेम एकदा चालवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाजूचं दिसणं कमी झालंय, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मालक चार दिवस नुसती गाडी धूत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "गाडी विकून टाकू. तूही आता पडदे पुरे कर. वय झालं आपलं."

"वय तुमच्या डोळ्यांचं झालंय," मालकीणबाई म्हणाल्या. "मी शिकते गाडी."

छप्पन्नाव्या वर्षी बाई शिकल्या. मालक शेजारच्या सीटवर बसून शिकवायचे. शिकवायचे कसले, ओरडायचे. बाईंनी वेग घेतला रे घेतला की मालकांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू त्यांच्याही बाजूला ब्रेक आहे. बाई म्हणायच्या, "अहो, तिथं ब्रेक नाहीये. चटईला भोक पडेल एक दिवस." पडलंही.

बाई शिकल्या मात्र मन लावून. शिवणाच्या खडूनं अंगणात पांढरी रेघ मारायच्या आणि गाडी बरोबर रेघेवर उभी करायचा सराव करायच्या. त्यांचा पाय मला फार आवडायचा. शिवणयंत्राच्या पायट्यावर घडलेला पाय तो. घाई नाही, धसका नाही, हवा तेवढाच दाब. चौदा वर्षांत इतका शहाणा पाय मला भेटला नव्हता. आणि नेमका त्याच पायाला मी दगा देत होतो. मुद्दाम नाही. पण देत होतो, हे खरं. याची मला लाज वाटायची आणि ज्यांनी मला टांगलं त्यांचा भयंकर राग यायचा.

पहिल्या परीक्षेत बाईंनी ब्रेक मारला, सोडला, आणि गाडी डावीकडे सरकून कडेच्या दांडीला घासली. नापास. दुसऱ्या परीक्षेत चढावर थांबायचं होतं. थांबल्या. निघताना पाय उचलला, क्लच सोडला, पण डावं चाक मी धरून ठेवलेलं. गाडी आचका देऊन बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. परत नापास.

"तुझ्या हातात जोर नाही," मालक घरी येताना म्हणाले. "गाडी ओढून घेतेस डावीकडे."

"मी चौदा फुटी पडदा एका सरळ रेषेत कापते," बाई म्हणाल्या. "गाडीच तेवढी माझ्या हातून वाकडी जाईल होय?"

"कापड वेगळं, गाडी वेगळी. आता ऐक. कोपऱ्यावरचा औषधवाला गाडी मागतोय. त्याला शब्द दिलाय मी. तिसऱ्यांदा झालीस पास तर ठीक, नाही तर गाडी त्याची."

घरी आल्यावर बाई गाडीभोवती फिरल्या आणि खाली वाकून प्रत्येक चाकाजवळ तळवा नेला, इस्त्री तापली का ते बघतात तसा. डाव्या चाकापाशी हात झटकन मागं घेतला. "अहो, हे एकच चाक तापलंय."

"त्या बाजूला ऊन आहे."

"ऊन तर मागच्या बाजूला आहे."

"तुला गाडीतलं काय कळतंय? उगाच खुसपट काढू नकोस," असं म्हणून मालक आत निघून गेले. बाई मात्र तिथंच उभ्या राहिल्या, आणि तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या गावात लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. लिफ्ट उचलणारे ऑइलचे पाइप, दाब, गळती, हे तिचं रोजचंच. तिसऱ्या परीक्षेला चार दिवस राहिले होते. ती रविवारी सकाळी हजर झाली, पिशवीत चार नवे पाइप घेऊन. बाहेरून स्टीलच्या तारांची विणलेली जाळी, चकचकीत. पिशवीतून निघाले ते माझ्याकडे बघत मिरवतच. मी म्हटलं, बेट्यांनो, एक पावसाळा चिखल खाऊन दाखवा, मग बोलू.

"रबराचे पाइप दाबानं थोडे फुगतात," लेक आईला सांगत होती. "हे फुगत नाहीत. पेडल घट्ट लागेल. आणि तसेही जुने झालेत आपले, चौदा वर्षं झाली."

"कंपनीचं रबर आहे ते," मालक खुर्चीवरून म्हणाले. "माझ्या गाडीतलं काहीच चालत नाही का तुम्हाला? अर्थात, सुकलं असेल आता. वय झालं की व्हायचंच."

हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. वय झालं. बाईंनाही तेच, मलाही तेच. या घरात काही बिघडलं की एकच औषध, वय झालं. ठरवलं, हा शिक्का कपाळावर घेऊन मी इथून हलणार नाही.

लेकीनं गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी टेकू लावले, पुढची दोन्ही चाकं काढली. माझ्या नटावर गंज सोडवायचं तेल मारलं, पान्हा लावला, जोर केला. मी ढिम्म. परत जोर. मी तसूभर हललो नाही. "फारच हट्टी आहे हा," ती म्हणाली. म्हटलं, आहेच.

"राहू दे थोडा वेळ, तेल मुरू दे," लेक म्हणाली. "तोवर पॅड बघते. आई, तू चाक तापतं म्हणालीस ना?"

तिनं दोन्हीकडचे पॅड काढून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी गळ्यातली मोजपट्टी काढून लावली. उजवे जाड, जवळजवळ नव्यासारखे. डावे झिजून पातळ झालेले.

"बघितलंत?" मालक म्हणाले. "ही ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवते. मी सांगत नव्हतो?"

बाईंनी मोजपट्टी शांतपणे गुंडाळली. "आणि उजव्या चाकाच्या वेळी मी पाय काढून घेत होते वाटतं."

लेक फस्सकन हसली. मालक उठून जवळ आले आणि कामात खोडी काढू लागले. लेक पडद्याच्या तारेचा तुकडा घेऊन डावा कॅलिपर वर स्प्रिंगला बांधत होती.

"कशाला एवढे लाड त्याचे?" मालक म्हणाले. "लटकू दे की पाइपवर. मी नेहमी तसंच करतो."

लेकीचा हात थांबला. "नेहमी म्हणजे?"

"नेहमी म्हणजे नेहमी. काही होत नाही त्याला. मागच्या वेळी तर चांगला तासभर लटकत होता. मला डेपोतून फोन आला होता. झालं का काही?"

बाईंनी लेकीकडे बघितलं, लेकीनं माझ्याकडे. चौदा वर्षांत माझ्याकडे असं नीट, रोखून कुणी बघितलं नव्हतं.

"कोणत्या चाकाचा?" लेकीनं विचारलं.

"हाच की. डावा."

तिनं पान्हा परत लावला, आणि खरं सांगतो, या वेळी मी सुटलो. माझी हरकत उरली नव्हती. जे कुणीतरी बोलायला हवं होतं ते मालक स्वतःच्या तोंडानं बोलून बसले होते.

लेकीनं मला आणि माझ्या उजव्या भावाला बाहेर काढलं, लोखंडी नळ्यांच्या तोंडांना बुचं लावली आणि आम्हाला आतून-बाहेरून धुऊन पुसलं. मालक म्हणाले, "दे इकडे, फुंकून बघतो." ती म्हणाली, "तोंड नका लावू, ब्रेक ऑइल विषारी असतं." ती आतून सायकलचा पंप घेऊन आली. पंपाची नळी आधी माझ्या उजव्या भावाला लावली. एका टोकाकडून हवा मारली, सुर्रकन गेली. दुसऱ्या टोकाकडून मारली, तशीच गेली. भाऊ माझ्याच वयाचा, माझ्याच दिवशी जन्मलेला, अंगावर माझ्यासारख्याच बारीक भेगा. हे ध्यानात घ्या, कारण माझी सगळी बाजू इथंच आहे.

मग माझी पाळी. वरच्या टोकाकडून हवा मारली, गेली. लेकीनं मला उलटं केलं आणि पंप मालकांच्या हातात दिला. "आता तुम्ही मारा, बाबा."

मालकांनी दट्ट्या दाबला. तो अर्ध्यावर अडला. त्यांनी दोन्ही हातांनी जोर दिला. चेहरा लाल झाला. दट्ट्या खाली जाईना, उलट हात जरा सैल सोडला की त्यांनाच वर ढकलायचा. तीनदा त्यांनी दाबला आणि तिन्ही वेळा तो त्यांना घेऊन वर आला. चौथ्यांदा त्यांनी दाबलाच नाही.

लेकीनं धारदार पातं घेतलं आणि मला टोपीपासून खाली उभं चिरलं. दुखलं का? दुखलं असेल. पण मी त्या पात्याची दीड वर्ष वाट बघत होतो. आतली रबराची जीभ उचकटून बाहेर आली. लेकीनं ती नखानं उचलून दाखवली, बाजूला कशी होते आणि आडवी कशी पडते ते. "हे बघा. ऑइल जायचं, पण परत यायचं नाही. डावा ब्रेक सुटतच नव्हता. गाडी डावीकडे ओढणार, चढावर बंद पडणार, चाक तापणार. बाकी रबर ठीक आहे. हे सुकून नाही फाटलं. लटकवून फाटलंय."

बाईंनी मला हातात घेतलं. ती जीभ बोटानं आडवी पाडून बघितली. "म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मालक पायरीवर बसले. तीच पायरी. "फोन आला होता त्या दिवशी," ते म्हणाले.

"तासभर?"

"सव्वा तास," मालक म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. हा माणूस आपली चूक कधी पाव हिश्शानंही कबूल करत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून पाव तास वाढवून सांगितला. माझा राग तिथं अर्धा उतरला. अर्धाच.

चष्मा परत चढवून ते म्हणाले, "औषधवाल्याला मी सांगून येतो, गाडी द्यायची नाही म्हणून."

"काही सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "शब्द दिलाय ना? ठेवा तुमचा शब्द. परवाच्या परीक्षेत मी पास झाले तर गाडी माझी, नाही तर न्या त्याच्याकडे. दया म्हणून मला गाडी नको."

मी फरशीवर चिरलेला पडलो होतो. पण हे ऐकून मला असा काही जोर चढला की वाटलं, उठून परत नटात जाऊन बसावं.

दुपारभर नव्या पाइपांची कामं चालली. चारही बसवले. बाईंनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि पाइप कुठं घासत नाही, ताणत नाही ना, ते लेकीनं वाकून बघितलं. मग नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी बारीक नट उघडून बुडबुडे सोडायचे. मालक सवयीनं ड्रायव्हरच्या सीटकडे निघाले. बाई आधीच जाऊन बसल्या होत्या.

"दाब," लेक चाकापासून म्हणायची. "धर. धरून ठेव. हं, सोड." मालकांकडे काम आलं ऑइलच्या डबीत ऑइल कमी झालं की भरायचं. ते चौथ्या चाकापर्यंत डबीवर डोळा ठेवून उभे राहिले. एकदा बाईंना म्हणाले, "पाय एकसारखा पडतोय तुझा." बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं, मला दिसत होतं ना फरशीवरून.

तिन्ही भावंडं संध्याकाळी जुन्या सामानाच्या पिशवीत गेली. मलाही लेक तिकडेच टाकत होती, पण बाई म्हणाल्या, "याला नको टाकू." त्यांनी मला पुसून गाडीत डॅशबोर्डखालच्या उघड्या कप्प्यात ठेवलं. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा गाडीच्या आत आलो. बरं असतं की आत, ऊबदार. तुम्हा माणसांची चैन आहे.

परीक्षेच्या दिवशी जाताना मालक शेजारच्या सीटवर होते. त्यांचा उजवा पाय माझ्या अगदी समोर. पाच वेळा तो दाबला गेला, मी मोजलं. मैदानावर मालक उतरले आणि परीक्षा घेणारे साहेब बसले. तेच, मागच्या दोन्ही वेळचे. त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे काय ठेवलंय?"

"जुना ब्रेकचा पाइप," बाई म्हणाल्या. "मागच्या दोन्ही वेळा तुम्ही याला नापास केलंत, मला नाही."

साहेबांनी मला उचललं, चीर बघितली, परत ठेवलं. "असू दे. चला, घ्या गाडी."

आणि बाईंनी पहिल्याच झटक्यात गाडी बंद पाडली. आता आळ घ्यायला मीही नव्हतो. बाईंनी एक श्वास घेतला. "हे मात्र माझं," त्या साहेबांना म्हणाल्या, आणि किल्ली फिरवली. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा मला वाटला.

मग बाईंनी वेग घेतला. "ब्रेक," साहेब म्हणाले. मी बाहेर चाकापाशी नव्हतो, तरी माझं सगळं अंग त्या पेडलकडे लागलं होतं. तोच शहाणा पाय. गाडी नाकासमोर गेली आणि पांढऱ्या रेघेवर उभी राहिली. पाय उचलला, आणि डाव्या चाकानं लगेच सोडलं. चढावर थांबल्या, निघाल्या. आचका नाही, ओढ नाही. त्या जाळीवाल्यानं काम चोख केलं, कबूल करतो. मला जमलं नसतं असं मात्र म्हणणार नाही. मलाही जमत होतं, टांगेपर्यंत.

साहेबांनी कागदावर सही केली. बाईंनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवला, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मालकांसमोर गाडी नेऊन उभी केली. "बसा," म्हणाल्या. "वाटेत औषधवाल्याकडे थांबायचंय. त्याला मीच सांगते, गाडी मिळणार नाही म्हणून. आणि त्याच्या दुकानाला पडदा हवाय का तेही विचारते."

मालक बसले. रस्त्याला लागलो. पुढं एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी चौक. बाईंनी वेग जरा जास्तच घेतला होता, मुद्दाम घेतला असणार. मालकांचा उजवा पाय उचलला गेला. चटईच्या त्या भोकावर येऊन थांबला. मग त्यांची नजर माझ्यावर आली. चिरलेल्या, उलगडलेल्या माझ्यावर. त्यांनी पाय तसाच मागं घेतला आणि सीटला टेकवून ठेवला. गाडी चौकात सरळ थांबली.

आता मी याच कप्प्यात असतो. खडू, मोजपट्टी आणि मी. चुकून कधी मालकांनी आवाज चढवलाच तर बाई बोलत नाहीत, मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवतात. तेवढं पुरतं.

मला कुणाची कीव नको. मी चौदा वर्षं लाखो वेळा गाडी थांबवली आहे आणि आतून फाटल्यावरही एकदाही गळलो नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. घरी ब्रेकचं काम काढलंत तर कॅलिपर तारेनं बांधा, आमच्यावर लटकवू नका, दोन मिनिटंसुद्धा. आणि एखादं काही नीट चालेनासं झालं, पाइप असो की माणूस, तर वय झालं म्हणायच्या आधी जरा आठवून बघा, त्याला टांगून तुम्ही फोनवर कुणाशी बोलत बसला होता.